ईप्रोसेस बघणं म्हणजे वेळेची नासाडी? अजिबात नाही

द्वारका_सर्कल: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, "मायक्रोसॉफ्टने जे डॉक्युमेंट केलं नाही ते शिकणं म्हणजे वेळेची नासाडी. एपीआय, म्हणजे जाहीर केलेली फंक्शन्स, शिका, नोकरी धरा." वाचून डोकं तापलं. विनडीबीजीत (मायक्रोसॉफ्टचा डीबगर) सिम्बॉल, म्हणजे आतली नावं दाखवणाऱ्या फाईली, लावून ईप्रोसेस उघडा; विंडोजचा कर्नल प्रत्येक प्रोसेसची (चालू प्रोग्रॅमची) नोंद ठेवतो ती ही रचना. सुरुवातीलाच केप्रोसेस (शेड्युलरला लागणारा भाग) बसलेलं दिसेल. पुढे पीआयडी (प्रोसेसचा नंबर) आणि त्याला चिकटून ॲक्टिव्हप्रोसेसलिंक्स, सगळ्या प्रोसेस जोडणारी साखळी. रूटकिट (लपून बसणारं मालवेअर) या साखळीतून एक कडी काढतं आणि टास्क मॅनेजरमधून प्रोसेस गायब! तरी ती चालूच राहते, कारण शेड्युलर (प्रोसेसरचा वेळ वाटणारा) थ्रेड, म्हणजे प्रोसेसमधली कामं, चालवतो, त्याला या यादीशी घेणंदेणं नसतं. हे कुठल्या एपीआयच्या पानावर आहे?

अंबडचा_मेंटेनन्सवाला: पोस्ट माझीच. आमच्याकडे एका व्हेंडरने ड्रायव्हरमध्ये ऑफसेट, म्हणजे रचनेतल्या मेंबरची जागा, थेट आकड्यात कोंबला होता. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीत ॲक्टिव्हप्रोसेसलिंक्स हेक्स २एफ० वर, २००४ आवृत्तीत थेट हेक्स ४४८ वर. अपडेट आलं, लाइनवरचा पीसी क्रॅश होऊन निळा, अख्खी पाळी बसून. सुपरवायझरच्या शिव्या मी खाल्ल्या, तुम्ही नाही.

द्वारका_सर्कल: मग दोष कोंबणाऱ्याचा. पीआयडीवरून प्रोसेस हवी तर पीएसलुकअपप्रोसेसबायप्रोसेसआयडी आहे की, रीतसर डॉक्युमेंटेड!

पेंग्विन_पंचवटी: लिनक्सला या. तिथलं ईप्रोसेस म्हणजे टास्कस्ट्रक्ट, ते सगळ्यांसमोर उघडं आहे.

अंबडचा_मेंटेनन्सवाला: उघडं आहे, स्थिर नाही. आतली रचना बदलत राहणार हे लिनक्सवाले स्वतःच सांगतात. विषय भरकटवू नका.

टीई_कॉम्प_कॉलेजरोड: बघायचं कुठे, ते सांगा आधी. लॅबमध्ये ॲडमिन हक्क नाहीत. व्हर्च्युअल मशीन (संगणकातच चालणारा दुसरा संगणक) मागितली तर सर म्हणाले, "परीक्षेला येत नाही." पीसीबीची (प्रोसेस कंट्रोल ब्लॉक, ईप्रोसेसचं पुस्तकी रूप) चौकट काढायची, मार्क घ्यायचे, संपला ओएस.

सातपूरकर: आणि शिकून करायचं काय? असलं काम नाशकात देतो कोण? पोरं शेवटी पुण्याचीच गाडी धरतात. माझा भाचाही गेला.

गंगापूररोड: रडगाणं पुरे. घरच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स टाका.

टीई_कॉम्प_कॉलेजरोड: चार जीबी रॅमवर? तुम्ही येऊन चालवून दाखवा. भावाचा लॅपटॉप आहे, तोही रात्रीच मिळतो.

सातपूरकर: बरोबर बोलली. फी घेताना लॅबचे पैसे कापतात ना? मग पोरांनी घरी का करायचं?

गंगापूररोड: फीचं कॉलेजला विचारा, मला नाही.

द्वारका_सर्कल: ताई, व्हर्च्युअल मशीन लागतच नाही. एनटीओएसकर्नल डॉट ईएक्सई (ntoskrnl.exe) ही विंडोज कर्नलची फाईलच विनडीबीजीला डंप (मेमरीची साठवलेली प्रत) म्हणून उघडायला द्या. सिम्बॉल एकदा उतरले की ईप्रोसेसचे सगळे मेंबर ऑफसेटसकट दिसतात. चालू मशीनला हात लागत नाही.

अंबडचा_मेंटेनन्सवाला: नुसतं बघण्याला माझी हरकत नाही, एवढं मान्य. पण पुढे पोरं कडी तोडून बघतात, पॅचगार्ड (विंडोज कर्नलचा राखणदार) बगचेक १०९ देतो, म्हणजे निळा स्क्रीन, आणि मशीन माझ्यासारख्याच्या टेबलावर येतं. तेवढं आधी बजावा.

टीई_कॉम्प_कॉलेजरोड: उघडली. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीची फाईल आहे, लिंक्स १डी८ वर. ४४८ नाही!