लव्हेंडरचं तेल घरी करायचंय, बेस कुठलं घेऊ?

रानवारा
सुकवलेली लव्हेंडरची फुलं आहेत, बरणीभर. तेल करून झोपताना मानेला, तळपायांना लावायचा बेत आहे. खोबरेल घेऊ की बदाम? विकतच्या छोट्या बाटलीसारखा वास येईल का? घरात मांजर आहे, तिला चालेल ना?

ओवी_
तसा वास येणार नाही, आधीच सांगते. ती बाटली म्हणजे वाफेवर काढलेला अर्क. किलोभर फुलांतून जेमतेम काही ग्रॅम निघतो. आपण करतो ते मुरवलेलं तेल, वास मंद. पण मालिशीला तेच बरं.

बदाम तेल छान मुरतं, फक्त लवकर खवट होतं. खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजतं, मग गाळत बसा. जास्त टिकवायचं असेल तर जोजोबा. ते खरं तर द्रवरूप मेण आहे, सहसा खवट होत नाही.

फुलं पूर्ण कोरडी हवीत, बोटांत चुरली की कुरकुर वाजली पाहिजे. ओलसर राहिली तर बुरशी आलीच. तळहातावर हलकी चोळून बरणीत टाका, वर बोटभर तेल येऊ द्या. तीन-चार आठवडे, रोज एकदा हलवून. मग सुती फडक्यातून गाळा.

काळीमिरी
आणि बरणी उन्हात ठेवा, लवकर मुरतं.

ओवी_
मुरतं लवकर, खराबही लवकर होतं. उजेडाने तेलाचं ऑक्सिडीकरण होतं. ठेवायचीच तर खाकी कागदात गुंडाळून. घाई असेल तर पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून मंद आचेवर दोन-तीन तास. पाणी उकळू नये, वाफेचा थेंब तेलात पडू नये.

रानवारा
आणि विकतचा अर्क बदाम तेलात घातला तर?

तिसरा_डोळा
चालेल की. ३० मिलीला सहा थेंब, म्हणजे साधारण एक टक्का. नुसता अर्क थेट कातडीला नको. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर थांबा. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा. अर्कातलं लिनालूल हे सुवासिक द्रव्य हवेने बदलतं आणि जुन्या तेलाने पुरळ उठू शकतं.

मांजराचं मात्र 'चालेल' म्हणू नका. तिचं यकृत असले पदार्थ नीट पचवू शकत नाही, त्यात ती अंग चाटते. तेल लावून तिला मांडीवर घेऊ नका, तिच्या खोलीत डिफ्यूझर (अर्काचा वास हवेत पसरवणारं यंत्र) पण नको.

काळीमिरी
भाजल्यावर लगेच लावतात म्हणे? कोण्या फ्रेंच रसायनतज्ज्ञाचा हात बरा झाला होता.

तिसरा_डोळा
गॅटफोसे, १९१० मधली गोष्ट. तो अर्क होता, मुरवलेलं तेल नव्हे. ताज्या भाजण्यावर तेल अजिबात नको, वाहतं गार पाणी वीस मिनिटं.

रानवारा
मग जोजोबाच. तळपायांचा बेत रद्द, मांजर पायांशीच झोपते.