मदत हवी आहे: जांभळ्या फाउंटन गवताला यंदा एकही तुरा नाही, ठोंब मधून वाळलेत

वडगाव_अंगण
नमस्कार मंडळी. फाटकापासून ओसरीपर्यंत वाटेच्या दोन्ही अंगांना जांभळं फाउंटन गवत लावलंय, एकूण १८ ठोंब. पहिल्या वर्षी असे तुरे आले की रस्त्यानं जाणारी माणसं थांबून नाव विचारायची. यंदा पाऊस संपून नवरात्र आलं तरी एक तुरा नाही. निम्म्या ठोंबांचा जांभळा रंग उतरून पानं हिरवी झालीत. मधला भाग वाळून नुसती बांगडी उरलीय, कडेनं हिरवं आणि आत काड्या. रोपवाटिकेत विचारलं तर खताची बाटली हातात दिली. घातली, काही फरक नाही. तुळशीच्या लग्नानंतर जावेच्या मुलीचा साखरपुडा आमच्याच अंगणात आहे. तोवर तुरे यायला हवेत. काय करू ते लवकर सांगा.

निपाणीकर
लावून किती वर्षं झाली? माती काळी की तांबडी? पाणी किती देता? यातलं काहीच लिहिलं नाही. फोटो टाका.

हिरवळप्रेमी
असं टक्कल पडलं की वाळलेलं गवत दाताळ्यानं ओढून काढायचं, वर अर्धा इंच बारीक वाळू आणि चाळलेलं शेणखत पसरायचं आणि रोज हलकं पाणी मारायचं. महिन्यात हिरवळ भरून येते. मशीन फार खाली लावू नका.

वडगाव_अंगण
हिरवळ नाही हो ही. कमरेएवढं वाढणारं शोभेचं गवत आहे. बाजरीच्या कणसासारखे पण मऊ, तांबूस तुरे येतात.

टिळकवाडी_गच्ची
कुंडीत आहे की जमिनीत? माझ्याकडे गच्चीवर चौदा इंची कुंड्यांत सहा आहेत, कोकोपीट आणि गांडूळखतात. एकदाही तुरे चुकले नाहीत. बेळगावच्या पावसात जमिनीत लावलं की मुळं कुजणारच. सगळी काढून कुंड्यांत घ्या, नाहीतर ऑनलाइन बी मागवून नवीन करा.

लालमातीवाला, खानापूर
जांभळ्याचं बी मागवू नका. ही जात बियांतून सहसा येत नाही, ठोंब फोडूनच वाढवतात. बी म्हणून पाकिटात येतं ते बहुतेक हिरव्या जातीचं, आणि त्याचं बी वाऱ्यावर उडून कुठंही रुजतं. हवाई बेटांवर तेच गवत तण होऊन बसलंय आणि उन्हाळ्यात वणव्याला सरपण होतं. आमच्या भागात डोंगर पेटतात ते मी दरवर्षी बघतो, म्हणून कळकळीनं सांगतो.
आता ताई, तीन गोष्टी सांगा. बाटलीत काय होतं, ऊन किती तास पडतं आणि कापणी कधी केलीत?

चिकोडीची_आक्का
मी म्हणते हे परदेशी गवत कशाला पाहिजे? वाळा लावा की. आमच्या बांधावर सासूबाईंनी लावलेला वाळा अजून आहे. माती धरतो, मुळं काढून माठात टाकली की पाणी कसं थंडगार आणि सुगंधी. कानडीत त्यालाच लावंच म्हणतात. आणि दाट ठोंबात साप बसतात, फाटकाजवळ तर नकोच.

निपाणीकर
आक्का, वाळ्याचा ठोंबही दाटच असतो. साप उंदरांमागं येतो. बुडखा साफ ठेवला तर दोन्हीकडे भीती नाही.

वडगाव_अंगण
माठाचं नंतर बघू, मला साखरपुड्याची घाई आहे. सगळ्यांना एकदम उत्तर देते. जमिनीतच आहे, माती तांबडी, तीन वर्षं झाली. पाणी पाऊस नसेल तेव्हा एक दिवसाआड. बाटलीवर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच) लिहिलंय, त्याशिवाय श्रावणात दोनदा युरिया टाकला. ऊन भरपूर आहे. फोटो जोडलाय.

लालमातीवाला, खानापूर
फोटो मोठा करून बघितला. डाव्या ओळीतले नऊच्या नऊ हिरवे आणि उजवीकडचे अजून जांभळट आहेत. डावीकडे भिंतीपलीकडे काय आहे?

वडगाव_अंगण
शेजाऱ्यांनी गेल्या उन्हाळ्यात वरचा मजला चढवला. आता तुम्ही म्हटल्यावर लक्षात आलं, त्या ओळीवर दुपारी एकपर्यंत सावलीच असते.

लालमातीवाला, खानापूर
मग रंगाचा उलगडा झाला. या गवताला निदान सहा तास उघडं ऊन लागतं. ऊन कमी पडलं की ते हिरवं होतं, खत घालून जांभळं होत नाही. युरिया तर बंदच करा. नत्रानं नुसता पाला माजतो, काड्या लुसलुशीत होऊन आडव्या पडतात. पण उजव्या ओळीला ऊन आहे आणि तरी तुरा नाही, हे अजून कळलं नाही. कापणीचं तुम्ही सांगितलं नाहीत.

वडगाव_अंगण
कापणीत कधीच हयगय नाही. मामंजी दर पंधरा दिवसांनी विळ्यानं सगळं एकसारखं गुडघ्याएवढं कापतात आणि भारा मागच्या गल्लीतल्या म्हशीला जातो. मागच्या वर्षीपासून.

निपाणीकर
अहो ताई! हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं.

लालमातीवाला, खानापूर
बस, इथंच सापडलं. तुरा प्रत्येक काडीच्या शेंड्याला येतो. काडी वाढून पोटरीत येते, म्हणजे तुरा पानाच्या आवरणात भरू लागतो, तोवर विळा फिरतो. बाजरी पोटरीतच कापत राहिलं तर वैरण मिळेल, कणीस कुठून मिळणार? हे गवत बाजरीच्या आणि नेपियर या वैरणीच्या गवताच्याच गोतावळ्यातलं आहे. याला वर्षातून एकदाच कापायचं, थंडी ओसरताना, फेब्रुवारीच्या शेवटाला, जमिनीपासून वीतभर ठेवून. त्यानंतर हात लावायचा नाही.

चिकोडीची_आक्का
म्हशीला चालतं काय ते? दूध बिघडत नाही ना?

निपाणीकर
चालतं, पण युरिया टाकलेलं कोवळं गवत लगेच जनावराला घालू नये. म्हशीसाठी परसात संकरित नेपियरची दहा कांडी लावा, वर्षभर वैरण मिळेल.
आणि ताई, ठोंब मधून मेलेत ते आताच उपटून फोडा. शेणखत घालून परत लावा, दिवाळीत फुटतील.

लालमातीवाला, खानापूर
निपाणीकर, इथं माझं तुमच्याशी पटत नाही. आता फोडले तर मुळं धरायच्या आत थंडी सुरू होईल, आणि साखरपुड्याला तुरे सोडा, पानंही मरगळलेली दिसतील. गवती चहाचा ठोंब आपण पावसाच्या तोंडावर फोडतो, तसंच हे मृगात करायचं.

निपाणीकर
आमच्या काळ्या मातीत मृगात लावलेलं पाण्यानं कुजतं. मी सगळं दसऱ्यानंतरच लावतो, वीस वर्षं.

टिळकवाडी_गच्ची
म्हणूनच म्हटलं, कुंडी.

लालमातीवाला, खानापूर
काळ्या मातीत तुमचं बरोबर असेल. वडगावची ही माती तांबडी आहे, पाणी जिरतं. ताई, एक काम करा. एका ठोंबाच्या बुडख्याजवळची माती बोटांनी बाजूला करा आणि काय दिसतं ते सांगा.

वडगाव_अंगण
आज सकाळी केलं. काड्यांभोवती चार बोटं उंच मातीची भर निघाली. दर कापणीनंतर मामंजी ओढून घालत होते, उसाला घालतात तशी. खालच्या काड्या काळ्या पडलेल्या, बोटानं दाबल्या की सालासकट सुटून येतात आणि कुजक्या पाल्याचा वास. पण कडेला, बांगडीच्या बाहेरच्या अंगाला, पेन्सिलीच्या टोकाएवढे लालसर कोंब दिसले. मोजले, एका ठोंबाला अकरा होते.

लालमातीवाला, खानापूर
अकरा कोंब म्हणजे ठोंब जिवंत आहे. सगळीकडची भर काढून बुडखा उघडा करा. मधल्या मेलेल्या काड्या हातानं उपटा, निघत नसतील तर तशाच राहू द्या. पाणी आता चार दिवसांनी, बोटभर खाली माती कोरडी लागली तरच. खत काही नको. विळा पूर्ण बंद. उजव्या ओळीत सात-आठ आठवड्यांत तुरे येतील असा माझा अनुभव आहे, थंडी लवकर पडली तर थोडे कमी येतील. डाव्या ओळीकडून यंदा आशा धरू नका.

वडगाव_अंगण
मामंजींना रात्री जेवताना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, मी शेतकरी माणूस, वाढलेलं गवत बघून हात राहत नाही, पण पोटरीचं सांगितलंस ते पटलं. नेपियरची कांडी कुठं मिळतील ते निपाणीकरांना विचारायला सांगितलंय.

निपाणीकर
कांडी विकत घेऊ नका. गल्लीत ज्याच्याकडे गुरं आहेत त्याच्याकडे नेपियर असतंच. तीन डोळ्यांचं कांड, दोन डोळे मातीत, एक वर.

वडगाव_अंगण
साखरपुडा परवा झाला म्हणून लिहिते. उजव्या ओळीत नऊपैकी सहा ठोंबांना तुरे आले, वीतभर लांब. सकाळी दवानं वाकलेले होते, ऊन चढलं तसे सरळ झाले. मुलीनं त्यांच्याजवळच उभं राहून फोटो काढून घेतले. डावीकडे झेंडूच्या कुंड्या मांडून वेळ निभावली. मामंजींनी म्हशीला बाजारातून कडबा आणला. डावीकडचे नऊ ठोंब मृगात काढून उजवीकडच्या उन्हात हलवायचं ठरलंय. आता त्या सावलीच्या पट्ट्यात काय लावता येईल?

चिकोडीची_आक्का
वाळा नको म्हणालात, तर मग हळद लावा की. सावलीत छान येते.

टिळकवाडी_गच्ची
सकाळभर सावली म्हणजे नेचे. कुंडीत.