एसटीपीचा (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचा) अहवाल चांगला, तरी नाल्याखाली मासे मरतात. काय तपासावे?

काठावरचा
आमच्या नगरपरिषदेचा एसटीपी 5 एमएलडीचा (दिवसाला 50 लाख लिटरचा), एसबीआर पद्धतीचा आहे, म्हणजे एकाच टाकीत फेरीफेरीने हवा देणे, गाळ बसू देणे आणि वरचे पाणी काढणे चालते. वस्ती साधारण 40,000. अहवालात बाहेरच्या पाण्याचा बीओडी (सेंद्रिय घाण कुजताना लागणारा प्राणवायू) 8 मिग्रॅ/लिटर येतो. तरी एप्रिल-मे महिन्यांत नदीची धार बारीक झाली की नाल्याच्या तोंडाखाली मासे मरून वर येतात, आणि जलपर्णी बंधाऱ्यापर्यंत पसरते. नगरपरिषदेकडे नेमके कोणते आकडे मागावेत?

जलमापक
सर्वांत आधी इनलेटच्या फ्लोमीटरची रोजची नोंद मागा. माणशी 135 लिटर पाणी आणि त्याचे 80 टक्के सांडपाणी धरले तर 40,000 वस्तीचे 4.3 एमएलडी होते. प्लांटवर 2 एमएलडीच पोहोचत असेल, तर 2.3 एमएलडी तसेच नदीत जाते. कच्च्या मैलापाण्याचा बीओडी 200 धरला तर त्यातून रोज 460 किलो बीओडी नदीवर पडतो. प्लांटमधून शुद्ध होऊन येणाऱ्या 2 एमएलडीतून फक्त 16 किलो! अहवाल खरा असूनही नदी का मरते, ते या दोन आकड्यांत दिसते.

पाणी सुटते ते बहुतेक तीन ठिकाणी: घरांची जोडणी भूमिगत गटाराला झालेलीच नसते, नाला वळवायच्या बांधावरची जाळी प्लास्टिकने तुंबते, किंवा वीज गेल्यावर पंपिंग स्टेशनची विहीर भरून वाहते. तिसऱ्यासाठी जनरेटरच्या डिझेलची नोंदवही आणि वीज खंडित झाल्याच्या वेळा शेजारी ठेवून पाहा.

हवा_आणि_गाळ
वरचे बरोबर आहे, पण अमोनिया विसरू नका. पाच दिवसांच्या बीओडीत तो बहुतेक दिसतच नाही. 1 मिग्रॅ अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट होताना 4.57 मिग्रॅ प्राणवायू लागतो. बीओडी 8, पण अमोनिया 25 असेल, तर दर लिटरमागे 114 मिग्रॅ प्राणवायूची मागणी अजून शिल्लक आहे आणि ती नदी भागवते. उन्हाळ्यात पाणी तापते, दुपारी शेवाळामुळे पीएच चढतो, आणि तोच अमोनिया माशांना थेट विषारी ठरतो.

प्लांटमध्ये अमोनिया तसाच उरतो तो सहसा हवेअभावी. बिल वाचवायला ब्लोअर (हवा ढकलणारे पंखे) बंद ठेवतात, किंवा डिफ्युझरचे (टाकीच्या तळाशी बारीक बुडबुडे सोडणाऱ्या भागाचे) रबर फाटलेले असते आणि एकाच कोपऱ्यात मोठे बुडबुडे उसळतात. हवा चालू असतानाच्या टप्प्याच्या शेवटी टाकीत विरघळलेला प्राणवायू 2 मिग्रॅ/लिटरच्या आसपास हवा. क्षारताही (पाण्याची आम्ल झेलण्याची क्षमता) मोजा. 1 मिग्रॅ अमोनियामागे 7.14 मिग्रॅ क्षारता खर्च होते. ती संपली की पीएच घसरतो आणि अमोनियाचे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंचे काम थांबते.

जलपर्णीसाठी तिला खत ठरणारे नायट्रेट आणि फॉस्फरस पाहा. नायट्रेट काढायला एसबीआरच्या प्रत्येक फेरीत हवा बंद असलेला, पण मिक्सर चालू असलेला टप्पा लागतो. फॉस्फरस बराचसा गाळाबरोबरच बाहेर जातो.

काठावरचा
अमोनियाचा रकाना अहवालात नाहीच. गाळाचे कसे तपासायचे?

हवा_आणि_गाळ
4 एमएलडी पाण्यातून रोज अंदाजे 500 ते 600 किलो कोरडा गाळ निघायला हवा. सेंट्रिफ्यूजमधून काढलेला ओलसर गाळ म्हणून तो अडीच-तीन टन भरतो. गेटवरच्या नोंदीत आठवड्याला एकच ट्रॉली दिसली, तर उरलेला गाळ डिकँटरवरून (टाकीतले वरचे पाणी काढणाऱ्या यंत्रणेवरून) नदीत चालला आहे, बहुधा रात्री. प्लांटवर 1 लिटरच्या नळकांड्यात टाकीचे पाणी 30 मिनिटे स्थिर ठेवायला सांगा. एमएलएसएस (टाकीतल्या पाण्यात तरंगणारा गाळ) 3000 मिग्रॅ/लिटर असताना गाळ 300 मिलीपर्यंत बसला तर उत्तम. 450 च्या वर राहिला तर बहुधा तंतुमय जिवाणू वाढले आहेत आणि गाळ नीट बसत नाही.

जलमापक
नमुना 24 तासांचा एकत्रित मागा. दुपारी एकदा भरलेल्या बाटलीत सकाळी 7 ते 10 चा लोंढा येत नाही. आणि क्लोरिनचा डोस विचाराच: अमोनिया शिल्लक असेल तर क्लोरिनचे क्लोरामाइन होते, त्याची जंतुनाशक ताकद कमी असते. मग डोस वाढवतात, आणि उरलेला क्लोरिन नाल्याखाली मासे मारतो.