रिपोर्टात नावं तीच, मग अर्थ वेगळा कसा?

धाकटी:
मी आणि दादाने हौसेने आतड्यातल्या जीवाणूंची तपासणी करून घेतली. दोघांच्या यादीत वरची नावं जवळपास सारखीच. तरी माझ्या रिपोर्टाच्या तळाशी लाल अक्षरांत 'मधुमेहाशी निगडित रचना', आणि दादाच्या खाली हिरवी खूण. मला चार वर्षांपासून टाइप २ मधुमेह आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. त्याला काही नाही. माझ्यात एशेरिशिया बराच जास्त आहे. मग मधुमेह त्यानेच झाला का? डॉक्टरांनी पान उलटूनही पाहिलं नाही, "फाइलला लावून ठेवा" म्हणाले. राग आला खरं तर.

उंटावरचा_शहाणा:
म्हणजे तुम्हाला आधीच ठाऊक होतं तेच लाल शाईत छापून मिळालं!

पिपेटवाली:
आठ वर्षं असल्याच नमुन्यांच्या नळ्या उघडतेय, तेव्हा जरा पाल्हाळ लावते.

आधी लाल ओळ. २०१५ साली डेन्मार्क, स्वीडन आणि चीनमधल्या लोकांचे नमुने एकत्र तपासले, तेव्हा मधुमेहाची म्हणून सांगितली जाणारी खूण बरीचशी मेटफॉर्मिनची निघाली. गोळी घेणाऱ्यांत एशेरिशिया वाढतो. गोळी न घेणारे रुग्ण वेगळे काढल्यावर उरलं ते एवढंच, की ब्युटिरेट नावाचं मेदाम्ल बनवणारे जीवाणू कमी. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः ब्युटिरेटवरच जगतात, म्हणून ते महत्त्वाचं.

आता नावांचं. तुमच्या एशेरिशियातलीच ओळखीची जात इ. कोलाय. ते नाव म्हणजे आडनाव समजा; एका आडनावाची माणसं एकच धंदा करतात असं थोडंच आहे? २००२ मध्ये तिच्या तीन स्ट्रेनची, म्हणजे एकाच जातीतल्या उपप्रकारांची, प्रथिनं एकत्र मांडली, तर तिघांत सामाईक निघाली जेमतेम ३९ टक्के. त्यातला एक प्रयोगशाळेतला गरीब, एक मूत्रमार्गात उपद्रव करणारा, तिसरा रक्ती जुलाब लावणारा. काही स्ट्रेनकडे कोलिबॅक्टिन नावाचं विष बनवणारी जनुकं असतात. त्या विषाने डीएनएवर उमटणारा ठसा २०२० मध्ये मोठ्या आतड्याच्या काही कर्करोगांतही सापडला.

माझं आवडतं उदाहरण मात्र एगर्थेला लेंटा हा आतड्यातला जीवाणू. हृदयाचं औषध डिगॉक्सिन हा निकामी करतो, पण सगळे स्ट्रेन नाही. ज्यांच्याकडे त्या कामाची जनुकं आहेत तेच. रिपोर्टात नाव दोघांचं एकच छापलं जाणार.

आणि नळीतली गोष्ट. पेशी फोडायला नमुना बारीक मण्यांबरोबर जोरात घुसळतो. घुसळणं कमी पडलं की जाड भिंतीचे जीवाणू फुटतच नाहीत आणि आकड्यांत कमी दिसतात. दादाचा नमुना दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या हाताने घुसळला असेल तर तुलना तिथेच लंगडी.

धाकटी:
मग आठवडाभर गोळी बंद करून पुन्हा नमुना देऊ?

पिपेटवाली:
अजिबात नको! साखर चढेल आणि हाती काही लागणार नाही. त्यापेक्षा शेवटच्या पानांवर पद्धत वाचा. '१६ एस' लिहिलं असेल तर त्यांनी ओळख पटवण्यापुरतं एकच जनुक वाचलंय. बाकीची जनुकं, म्हणजे कोण काय काम करू शकतो, ते पाहिलेलंच नाही. त्यासाठी सगळा डीएनए वाचणारं शॉटगन सिक्वेन्सिंग लागतं.

धाकटी:
सापडलं. पान ११, तळटीप, भिंग लावून वाचावं लागेल एवढ्या अक्षरांत: १६ एस. दादाला फोटो पाठवला. तो अजून हिरव्या खुणेवरच खूश आहे.