विहिरीच्या तोंडातून पाणी वर आले आणि गड बुडाला : दाब कसा तोडावा?

नमस्कार. ड्वॉर्फ फोर्ट्रेस या बुटक्यांचा गड वसवण्याच्या संगणक खेळात डोंगराच्या पोटात वसवलेल्या गडाला नदीचे पाणी आणताना माझे 11 बुटके बुडून मेले. नवा हौद खोदण्यापूर्वी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

नदीच्या चार पातळ्या खाली हौद खोदून त्यात उतरता बोगदा सोडला, वाटेत फ्लडगेट (खटक्याने उघडबंद होणारे पाण्याचे दार) बसवले आणि हौदाच्या बरोबर वर, भोजनगृहात, विहीर बांधली. हौद 7 पैकी 7 (खेळात पाण्याची खोली प्रत्येक चौकोनात 7 पर्यंत मोजतात) भरला की पाणी थांबेल, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात ते वरच्या नदीच्या दाबाने विहिरीतून उसळून भोजनगृहात पसरले. फ्लडगेटचा खटका त्याच दालनात होता, आणि पाणी 4 पर्यंत चढल्यावर तिथवर जाण्याची वाटच उरली नाही. कोठार तरी वाचावे म्हणून दरवाजे बंद करायला घेतले, तर कोठाराचा दरवाजा लागेना. उंबरठ्यावर एक मोजा पडला होता, आणि मध्ये वस्तू असली की दरवाजा उघडाच राहतो. पुढे नदी गोठली तेव्हा बोगद्याच्या तोंडाशी भिंत घालता आली.

आता दाब तोडण्यासाठी बोगद्यातले दोन चौकोन फक्त कोपऱ्याला कोपरा लावून जोडणे पुरेल, की स्क्रू पंपच (पाणी उपसणारे यंत्र) हवा? आणि साचलेले पाणी काढावे कसे?

प्रतिसाद :
एका विहिरीसाठी पंपाची गरज नाही. कोपऱ्याला कोपरा लावलेला तिरपा सांधा दाब तोडतो, मात्र तो हौदाच्याच पातळीवर, हौदाच्या अगदी तोंडाशी ठेवा. तो वरच्या पातळीवर ठेवलात, तर पुढे खाली उतरताना पाण्याला पुन्हा दाब येईल आणि विहीर पुन्हा उसळेल. खटका पाण्याच्या वाटेपासून दूर ठेवा आणि ओढल्यानंतर फ्लडगेट हलायला खेळातल्या वेळेचे 100 टप्पे लागतात, हे धरून चाला.

निचऱ्यासाठी हौदाच्या खालून नकाशाच्या कडेपर्यंत बोगदा न्या, कडेचा नैसर्गिक खडक गुळगुळीत करून त्यात तटबंदीची छिद्रे कोरा, म्हणजे पाणी नकाशाबाहेर निघून जाईल. हौदाकडचा शेवटचा चौकोन मात्र सर्वांत शेवटी फोडा आणि खोदणाऱ्याला मागे पळायला बाजूची एक चढती वाट आधीच करून ठेवा.