हिवाळ्यात मस्टँग: रोज चालवावी की एप्रिलपर्यंत झाकून ठेवावी?

कँटनचा_व्ही८

डेट्रॉइट परिसरातल्या मंडळींनो, तुमच्यासाठीच हा धागा. माझ्याकडे फोर्डची मस्टँग जीटी आहे. पाच लिटरचं व्ही-8 इंजिन, ताकद फक्त मागच्या चाकांना. माझी ही एकच गाडी, आणि जानेवारीतही मी तिनेच ऑफिसला जातो. नोव्हेंबर लागला की ओळखीतला जो तो विचारतो, "अजून बाहेर? स्टोरेजला नाही टाकलीस?"

का टाकू? बर्फात गाडी घसरते ती मस्टँग आहे म्हणून नव्हे, टायर चुकीचे असतात म्हणून. परफॉर्मन्स पॅक (वेगवान ड्रायव्हिंगसाठीचं जादा पॅकेज) घेतलं की उन्हाळी टायर येतात. त्यांचं रबर 7 अंशांच्या खाली कडक पडायला लागतं, मग कोरड्या रस्त्यावरसुद्धा पकड जाते. हे टायर थंडीत वापरू नका असं फोर्डच्या पुस्तिकेतच लिहिलंय. ती कोण वाचतो? लोक त्याच टायरवर थँक्सगिव्हिंगपर्यंत (नोव्हेंबरअखेर) हिंडतात, पहिल्या बर्फात गाडी गर्रकन फिरते आणि खापर फुटतं गाडीवर.

मी थंडी सुरू व्हायच्या आत 19 इंची चाकं उतरवतो आणि चारही बाजूंना 235/50, 18 इंची विंटर टायर चढवतो. टायर अरुंद झाला की बर्फावर तरंगत नाही, कापत खाली जातो. बाजूची भिंत उंच मिळते, त्यामुळे फेब्रुवारीतल्या खड्ड्यांत रिम वाचते. टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह आहे ना, तेवढं बघून घ्या. नुसत्या 'एम प्लस एस' (मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ) या शिक्क्यावर विसंबू नका.

राहिला "एखादी जुनी कोरोला घे" हा सल्ला. देणाऱ्यांनी मिशिगनमध्ये दोन गाड्यांचा इन्शुरन्स भरून दाखवावा, मग बोलू.

जुनी_कॅमरी_झिंदाबाद

टायरबद्दल शंभर टक्के सहमत. पण तुम्ही मिठाचं नावच काढलं नाहीत!

डेट्रॉइट शहराच्या पोटात, साधारण 1200 फुटांवर मिठाची खाण आहे आणि बर्फ वितळावा म्हणून तिचं मीठ रस्त्यांवर पडतं. तुमची गाडी बनते फ्लॅट रॉकला, त्या खाणीपासून हाकेच्या अंतरावर म्हणा ना. म्हणजे गाडी आणि तिला खाणारं मीठ, दोन्ही याच मातीतलं. वरच्या रंगाला काही होत नाही म्हणून आपण खूश असतो. खाली मागची सबफ्रेम (सस्पेन्शन धरून ठेवणारी चौकट), ब्रेकच्या नळ्या, सस्पेन्शनचे बोल्ट यांचं काय चाललंय ते लिफ्टवर घेतल्याशिवाय दिसत नाही. माझ्या कॅमरीचा एक बोल्ट काढायला मेकॅनिकने गॅस कटर आणला होता. कॅमरी आहे, सोडून दिलं. जीटीवर हे बघवेल का तुम्हाला?

कँटनचा_व्ही८

मीठ विसरलो नव्हतो, पोस्ट लांबली म्हणून थांबलो. दर शरद ऋतूत खालून लॅनोलिनचं तेल मारून घेतो. मेंढीच्या लोकरीतून निघतं ते. सुकून कडक होत नाही, त्यामुळे भेगा पडून आत पाणी साचायचा प्रश्न येत नाही. काळं रबरी अंडरकोटिंग मात्र कधी मारू नका, त्याच्या आड गंज मजेत वाढतो. पारा शून्याच्या वर गेला की खालून पाणी मारणाऱ्या कार वॉशला नेतो. आणि रात्री गाडी गरम गॅरेजमध्ये ठेवत नाही.

जुनी_कॅमरी_झिंदाबाद

गरम गॅरेज नको? हे उलटंच ऐकलं.

कँटनचा_व्ही८

गोठलेलं असताना गंज हळू चालतो. गॅरेजमध्ये 15 अंश असले की खाली चिकटलेला बर्फ वितळतो आणि रात्रभर कोमट खारं पाणी पत्र्याला लागून राहतं. त्यापेक्षा बाहेरची थंडी परवडली.

नोव्हीची_अनघा

पुरुषांच्या चर्चेत टायर आणि बोल्ट. गाडीत बसतं कोण, याचा विचार कुणी करणार आहे का?

आमच्याकडे दोन हिवाळे दोनदारी कूपे होती, नवऱ्याची हौस. अशा गाड्यांच्या खिडक्यांना चौकट नसते. दार उघडताना काच आपोआप जराशी खाली सरकते, तेव्हा दार सुटतं. फ्रीझिंग रेन (पडताच गोठणारा पाऊस) झाला की काच रबराला घट्ट चिकटते, खाली सरकतच नाही. हँडल ओढलं की दार तर उघडू बघतं, काच अडून बसते. घाईत हिसका दिला तर रबर फाटतं, नाहीतर काच तरी. मी एका हातात मुलाची शाळेची बॅग आणि दुसऱ्या हातात कोमट पाण्याची पिशवी घेऊन काच शेकत उभी, असे प्रकार झालेत. (उकळतं पाणी ओतू नका, तडा जाईल.) वर जाडजूड जॅकेट घातलेल्या मुलाला मागच्या सीटवर कोंबायचं, तेही लांबलचक दार शेजारच्या गाडीला न लावता.

संक्रांतीच्या कार्यक्रमाला साडी नेसून, बुटात बर्फ घेऊन, त्या खड्ड्यासारख्या सीटमध्ये एकदा उतरून बघा. मग "रोज वापरता येते" म्हणा.

कँटनचा_व्ही८

अनघाताई, काचेचा त्रास खराच आहे. रबरांना सिलिकॉनची ग्रीस लावली की बराच कमी होतो. बाकी मी एकटा जीव सदाशिव, त्यामुळे मागची सीट म्हणजे किराणा ठेवायची जागा.

नोव्हीची_अनघा

मग शीर्षकात "एकट्या माणसाने" हे दोन शब्द घाला. निम्मा वाद तिथेच संपेल.

माँट्रियल_मुक्कामी

माझा रोख अनघाताईंवर नाही, "हिवाळ्यात ऑल-व्हील ड्राइव्हच हवी"वाल्यांवर आहे. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी जागेवरून सुटते छान, चढ चढते. पण ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात. थांबताना कामाला येतो तो टायर. आमच्याकडे हायवेच्या कडेला उलटलेल्या गाड्यांत एसयूव्ही काही कमी नसतात. सुटताना मागचं चाक फिरलं तर मस्टँगवाल्याला बुडाखाली लगेच कळतं की रस्ता निसरडा आहे. एसयूव्हीवाल्याला ते पहिल्या सिग्नलला कळतं.

आमच्या क्यूबेक प्रांताने हा वाद कायद्यानेच मिटवलाय. 1 डिसेंबर ते 15 मार्च विंटर टायर सक्तीचे, मग गाडी फेरारी असो की फिएस्टा. मिशिगनमध्ये तशी सक्ती नाही, तेच मला जास्त भीतीदायक वाटतं.

सिंहगडरोडकर

आमच्याकडे पुण्यात 12 अंशांना लोक कानटोपी काढतात, आणि मस्टँगला बर्फ नाही, स्पीडब्रेकर घासतो. चालू द्या, वाचतोय.

इझारकाठी

मी म्युनिकला असतो. इथे लोकांनी तिसराच मार्ग काढलाय. जर्मनीत हंगामी नंबर प्लेट मिळते. प्लेटच्या उजव्या कडेला महिने छापलेले, समजा वर 04 आणि खाली 10. तेवढेच महिने गाडी रस्त्यावर, कर आणि विमाही तेवढ्याच महिन्यांचा. बाकीच्या काळात ती रस्त्यावर उभीसुद्धा करता येत नाही. त्यामुळे झाकून ठेवणं इथे हौस कमी, हिशोब जास्त.

तरी माझ्या गल्लीत एक पोर्शे 911 बारा महिने चालते. तिची गोष्ट वेगळी आहे. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, म्हणजे वजन नेमकं ताकदीच्या चाकांवर. 1968, 69 आणि 70 अशी लागोपाठ तीन वर्षं 911 ने माँटे कार्लो रॅली मारली, तीही बर्फाळ घाटांतून. शिवाय 1975 पासून पोर्शे तिच्या बॉडीला जस्ताचा थर देत आलीय. मस्टँगचं इंजिन पुढे, निम्म्याहून जास्त वजन पुढच्या चाकांवर. तेव्हा "स्पोर्ट्स कार हिवाळ्यात चालते" असं सरसकट विधान करू नये.

ग्रँड_रॅपिड्सचा_बंडू

डिकीत वाळूची पोती टाका, वजन मागे येईल. माझे काका पिकअपमध्ये तेच करायचे.

माँट्रियल_मुक्कामी

सुटायला मदत होते, कबूल. पण तेच वजन थांबवायचंही असतं, आणि वळणावर गाडीचं बूड लवकर बाहेर जातं. टाकायचीच तर मागच्या एक्सलच्या बरोबर वर, नीट बांधून. एका वेळी बंडूचं ऐकायचं, नाहीतर टायरचं. मी टायरचं ऐकेन.

ग्रँड_रॅपिड्सचा_बंडू

काकांना विंटर टायर माहीत नव्हते, मान्य. पण साहेब, आमच्या बाजूला लेक मिशिगनवरून ढग आले की एका रात्रीत फूटभर बर्फ पडतं. मस्टँग जमिनीपासून किती वर? तिचा पुढचा ओठ बर्फ ढकलत जाणार आणि शेवटी पोटावर बसणार. चाकं हवेत असली की टायर कितीही भारी असून काय करणार? कँटनला फावडे ट्रक पहाटेच फिरतात, म्हणून तुम्हाला सुचतंय हे.

कँटनचा_व्ही८

बंडूचा मुद्दा बिनतोड आहे. फूटभर बर्फात मी घरून काम करतो, हे लिहायला हवं. ती सोय नसलेल्याने, म्हणजे नर्स, डॉक्टर, शिफ्टवाले यांनी, माझ्या नादी लागू नये. कडाक्याच्या थंडीत तर रस्ते साफ असूनही जपावं लागतं. उणे 10 च्या खाली साधं मीठ फारसं काम करत नाही, त्यामुळे पुलांवर काळा बर्फ (डोळ्यांना न दिसणारा पातळ थर) तसाच राहतो. तेव्हा स्नो मोड (गाडीतली निसरड्या रस्त्यासाठीची सेटिंग), हलका पाय आणि पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर.

पण असे दिवस किती? बहुतेक हिवाळा म्हणजे ओला, करडा, खारट रस्ता. तेवढ्यासाठी पाच महिने हप्ता भरत गाडीला ताडपत्रीखाली ठेवायचं मला पटत नाही. गॅरेजमध्येही बॅटरी उतरते, टायर एका जागी चपटे होतात, एअर फिल्टरमध्ये उंदीर बिऱ्हाड करतात.

जुनी_कॅमरी_झिंदाबाद

उंदरांवर उपाय आहेत, कुजलेल्या सबफ्रेमवर नाहीत. बॅटरीला दीडवीतभर चार्जर लावला की झालं.

असो, हौसेला मोल नाही. विकायला काढाल तेव्हा कळवा, मुलाला हवीच आहे मस्टँग. मात्र गाडी आधी लिफ्टवर जाईल, आणि ते तेल पुसून खालचा पत्रा मी स्वतः टॉर्च मारून बघेन. मीठ न खाल्लेली टेक्सासची गाडी तेवढ्याच किमतीत मिळत असेल तर राग मानू नका.