सोसायटी ग्रुप: खोक्यावर २.४, स्क्रीनवर ०.७९

मंजुषा (बी-३०४): कोणाला कॉम्प्युटरमधलं कळतं का? रोहनच्या नव्या लॅपटॉपच्या खोक्यावर प्रोसेसरचा वेग २.४ गिगाहर्ट्झ लिहिलाय, टास्क मॅनेजरमध्ये ०.७९ दिसतंय. दुकानदाराने गळ्यात मारला का?

देशपांडे काका (ए-१०१): बिल जपून ठेवा. ग्राहक मंचात जाऊ. मी पत्र लिहून देतो.

सचिन (सी-२०२): काका, थांबा जरा 😄 ताई, तेव्हा लॅपटॉपवर काही चालू होतं का?

मंजुषा: नाही रे, नुसता उघडा होता.

सचिन: मग ठीक आहे. काम नसलं की प्रोसेसर आपणहून वेग उतरवतो, बॅटरी वाचावी म्हणून.

देशपांडे काका: ही हल्लीची थेरं.

सचिन: हल्लीची कुठली, २००० सालची! इंटेलने लॅपटॉपच्या पेन्टियम थ्री प्रोसेसरमध्ये वेग उतरवायची ही सोय आणली, नाव स्पीडस्टेप. चार्जर लावला की ६५० मेगाहर्ट्झ, काढला की ५००. पण खरी बचत व्होल्टेजमध्ये. वेग कमी असला की कमी व्होल्टेजवर भागतं, तिथे १.६ व्होल्टचं १.३५ झालं. वीज वेगाच्या प्रमाणात लागते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात.

कुलकर्णी मॅडम (ए-४०३): मांडलं गणित. वेग ०.७७ पट, व्होल्टेजचा वर्ग ०.७१ पट, गुणाकार ०.५५. वेग पाऊणपट राहिला आणि वीज जवळजवळ निम्मी. छान आहे हे!

अमित (बी-१०३): मग कायमच हळू चालवावा की.

सचिन: तसं नाही. काम रखडलं तर तेवढा वेळ स्क्रीन आणि बाकीचं सगळं जागंच राहतं. त्यापेक्षा वेग चढवायचा, काम उरकायचं आणि झोपायचं. आधी हे विंडोज ठरवायचं. २०१५ च्या स्कायलेक पिढीपासून इंटेलची चिप स्वतःच ठरवू शकते, काही मिलिसेकंदांत.

सेक्रेटरी: उद्या टाकी धुणार. १० ते १२ पाणी नाही. कृपया मेसेज वर जाऊ देऊ नये.

मंजुषा: सचिन, रोहन म्हणतोय गेम लावला तरी ०.३९ च्या वर जात नाही. फोटो टाकलाय बघ.

सचिन: अरेच्चा, मग मी चुकलो. कामात असूनही तिथेच अडकलाय म्हणजे गडबड आहे. चार्जर कुठला लावलाय?

मंजुषा: माझ्या मोबाइलचा. त्याचा आजोळी राहिला. पिन तीच आहे ना?

सचिन: पिन तीच, ताकद नाही. त्यावर बारीक अक्षरात आउटपुट काय लिहिलंय?

मंजुषा: चष्मा आणते.

मंजुषा: ५ व्होल्ट, ३ अँपिअर.

कुलकर्णी मॅडम: १५ वॅट.

सचिन: आणि बॅटरी?

मंजुषा: ४ टक्के 🙈

सचिन: सापडलं. बॅटरी रिकामी आणि चार्जर अशक्त, म्हणून बिचाऱ्याने स्वतःला आवळून घेतलंय. माझा ६५ वॅटचा न्या, रोहनला पाठवा.

मंजुषा: अरे, आता ३.९ दाखवतोय! २.४ च्या वर कसा गेला?

सचिन: तो टर्बो, काम जास्त असलं की खोक्यावरच्या वेगाच्याही वर जातो. थंड असेपर्यंत पळेल. पंख्याचा आवाज फार झाला तर पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० टक्क्यांची ९९ करा, बहुतेक लॅपटॉपवर टर्बो बंद होतो.

देशपांडे काका: माझं पत्र लिहून झालं होतं.

सेक्रेटरी: टाकीचा मेसेज परत वर गेला.